एक क्रमांकाची अडतीस पानं

१

सोमवारी सकाळी संघदीपनं वाचनालयाचं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला आणि पाहतो तर काय, दिग्रसच्या लोककोशातली अडतीस पानं गायब!

लोककोश म्हणजे वाचनालयाची विकी. शिंपी, कापसाच्या जिनिंगमधले फिटर, तांड्यावरच्या म्हाताऱ्या, बाभुळगावपासून मारेगावपर्यंतची माणसं, ज्यांच्यावर कुणी ओळ लिहीत नाही त्यांनी स्वतः सांगितलेलं आयुष्य तिथं टाइप होऊन बसलं होतं. चार वर्षांत बाराशे मुलाखती झाल्या होत्या. पाच माणसांची समिती, पगार शून्य, भांडणं रोज. एक नियम मात्र कडक होता. सांगणाऱ्याला त्याचं पान वाचून दाखवायचं आणि तो ‘हो, हे माझंच’ म्हणाला की मगच त्याचं नाव पानावर चढवायचं. तोवर पानाच्या मथळ्यात फक्त गाव आणि क्रमांक. ‘मुलाखत/बाभुळगाव/४’, ‘मुलाखत/पळसखोरी तांडा/९’, असं.

अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष प्रेमसिंग आडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. अख्ख्या तालुक्यातली अर्धी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन शिकलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर बसताना आजही लोक हात मांडीवर ठेवतात. त्यांनी एक टाइप केलेला कागद टेबलावरून पुढं सरकवला. कागद थांबला तो तमन्नासमोर.

तमन्ना सव्वीस वर्षांची. जिनिंगमधल्या जमीर फिटरची मुलगी. ही विकी तिनंच उभी केली होती आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती चौदा मुलींना फुकट कॉम्प्युटर शिकवत होती. तिनं कागद वाचला. ‘प्रयोग करताना माझ्या हातून पानं पुसली गेली. मी दिलगीर आहे. यापुढे कोशाचं आणि वर्गाचं काम मी करणार नाही.’ खाली सहीसाठी रेघ ओढून ठेवली होती.

“काल दुपारी पानं पुसली गेली ती तुझ्या नावाच्या लॉगिनवरून,” आडे सर म्हणाले. “एका झटक्यात अडतीस. हे स्टारबिरचं तंत्र तुझ्याशिवाय कोण करतं इथं? अडतीसांपैकी एकोणीस पानं तांड्यांची आहेत, तमन्ना. लोक काय म्हणतील याचा विचार कर. चूक कबूल केलीस तर मी गोष्ट इथंच मिटवतो.”

‘लोक काय म्हणतील’ याचा अर्थ खोलीतल्या पाचही जणांना कळला. फिटर मोहल्ल्यातल्या मुलीनं तांड्याची पानं पुसली, असं लोक म्हणतील. तमन्नाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“माझा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिवून हाय, सर. ते माझं चुकलं, ते कबूल. पण वाचनालयाची किल्ली आपल्या पाचही जणांजवळ हाय.”

संघदीप हा ग्रंथपाल, सरळ माणूस. तो चुळबुळत म्हणाला, “सर, विकीत पुसलेलं मरत नाई. दोन मिन्टांत परत येते. सकाळी तुमाले फोन केला आन् परत आणालेच बसलो होतो, त तुमीच थांब म्हणले.”

“कोणी हात लावायचा नाही. शुक्रवारी बसून तपासू, मग परत आणू.” सरांनी पेनाचं टोपण काढून पेन तमन्नाकडे धरलं. “उद्या पाचपर्यंत वेळ देतो. सही नाही आली तर पोलिसांत तक्रार जाईल आणि वर्गाला कुलूप लागेल.”

तमन्नानं पेन घेतलं, टोपण लावलं आणि सरांच्या खिशाजवळ परत धरलं.

“उद्या पाच वाजता मी येतो, सर. सही कराले नाई.”

२

घरी अम्मीनं, म्हणजे जुबैदानं, सगळं ऐकून घेतलं आणि पीठ मळता मळता एकच सुनावलं, “न केलेल्या गुन्ह्याची माफी मागशीन त या घरात पाय ठेवू नको.” आणि वर तिच्या ताटात दोन भाकरी जास्तीच्या वाढल्या. तमन्ना जेवली आणि गेलेल्या पानांची यादी घेऊन बसली.

समितीनं ती यादी जातीपातीच्या डोळ्यांनी वाचली होती, एकोणीस तांड्यांची, अकरा गावांची, आठ दिग्रसच्या मोहल्ल्यांची. तमन्नानं ती मथळ्याच्या शेपटाकडून वाचली. बाभुळगाव, एक. मारेगाव, एक. पळसखोरी तांडा, एक. अडतीस ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणची पहिली मुलाखत. पुसणाऱ्याला ना जात कळत होती ना गाव, त्याला फक्त आकडा कळत होता.

मग तिनं यादीत नसलेली पानं तपासली. तिच्या मुलींना ती नेहमी सांगायची, पॅटर्न ओळखायचा असेल तर काय गेलं याच्याइतकंच काय राहिलं ते पाहा. विकीला पानांचा गट निवडून दाखवायचा तर एक छोटा साचा लिहून द्यावा लागतो. त्यात स्टार म्हणजे ‘इथं काहीही चालेल’. ‘*१’ असं लिहिलं तर शेवटी एक असलेलं प्रत्येक पान उचललं जातं, अकरा, एकवीस, एकतीससुद्धा. पण अकराव्या मुलाखती सगळ्या जागच्या जागी होत्या. एकविसाव्याही होत्या.

म्हणजे पुसणाऱ्यानं एकाच्या आधीची तिरपी रेघ सोडली नव्हती. त्यानं ‘*/१’ लिहिलं होतं.

तमन्ना उठून उभी राहिली. हा साचा तिनं स्वतः फळ्यावर लिहिला होता, दहाच दिवसांपूर्वी. समितीसाठी घेतलेल्या एका तासात तिनं दोन्ही साचे शेजारी शेजारी काढून दाखवले होते. ‘रेघ इसरले त अकरा, एकवीस, सगळे जातीन,’ असं बजावलं होतं. चोरानं तिच्याच फळ्यावरून शब्दन् शब्द उतरवला होता.

त्या तासाला मुली नव्हत्या. समितीतली माणसं तेवढी बोलावली होती.

३

अय्याज तिचा आतेभाऊ. बसस्टँडमागं त्याचं गॅरेज. मोहल्ल्यातल्या कारागिरांच्या मुलाखती त्यानंच घेतलेल्या आणि गेल्या महिन्यात समितीत तो कडाकडा भांडलेलाही. त्याच्या मोहल्ल्यातली पहिली मुलाखत त्याच्या वडिलांची, जफर मिस्त्रींची होती. त्यात मिस्त्रींनी तरुणपणी पळून जाऊन केलेल्या लग्नाचा किस्सा रंगवून सांगितला होता. अय्याजला तो काढून टाकायचा होता. बाकीच्यांनी नकार दिला. आता तेही पान गेलं होतं.

“म्हणजे मीच चोर का?” अय्याज मोटारसायकलखालून बाहेर सरकत म्हणाला. “पुसाचंच असतं त अब्बांचं एक पुसलं असतं. सदतीस लोकायनं माहं काय बिघडवलं?”

“अय्याजभाई, हे लिवून दाखव. सगळ्या गावातल्या पह्यल्या मुलाखती निवडाच्या हायेत. साचा काय देशीन?”

त्यानं हात पुसले, खडू घेतला आणि जमिनीवर लिहिलं, ‘*१’.

“आन् अकरा नंबरच्याचं काय?”

“अकराचं काय?” तो खरोखर बुचकळ्यात पडला. तमन्नाला आठवलं, त्या तासाला अय्याज आलाच नव्हता. मारेगावला कुणाचा ट्रॅक्टर रस्त्यात बसला होता म्हणून तिकडे गेला होता.

ती निघणार तेवढ्यात अय्याज म्हणाला, “आइक. आमच्या धंद्यात एक लबाडी हाय. एखाद्याले एकच पार्ट चोराचा असला त तो सगळं इंजिन खोलून ठेवते. मालक म्हणते, बापा, किती काम केलं याच्यानं. कोन्ता पार्ट गेला ते त्याले समजतच नाई.”

तमन्ना तिथंच थांबली. सदतीस पानं म्हणजे नुसता पसारा होता. कुणाला तरी एकच पान नको होतं.

कोणतं?

४

अडतीस पानांच्या प्रती तिच्याजवळ नव्हत्या आणि सरांनी तिचे परत आणायचे हक्क सकाळीच काढून घेतले होते. तेव्हा तिनं पानांऐवजी माणसांना विचारायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी ती संघदीपकडे गेली.

“संघदीपभाऊ, तुमी एखाद्या वस्तीत जाता तवा एक नंबर कोणाले देता?”

“सगळ्यात म्हाताऱ्या मानसाले,” संघदीप लगेच म्हणाला. “काहून का मंग भेट होईन का नाई, कोण सांगते? पह्यले त्यायचं आइकून घेतो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तमन्ना, तूनं केलं नाई ते मले माहीत हाय. पण सरांपुढं माहं तोंड उघडत नाई. सहावीत त्यायनंच मले वाचाले शिकवलं.”

“तुमी सकाळी पानं परत आणाले बसले होते. चोर आपल्याच हातानं चोरी परत करत नाई. तुमच्यावर माहा शक नाई.”

संघदीप हसला, पण मान खालीच होती. भला माणूस, पण भल्या माणसांचं हे असंच असतं. वेळेवर तोंड उघडत नाहीत आणि नंतर वाईट मात्र वाटून घेतात.

राहिली बबिता. ती कृषी केंद्राच्या काउंटरवर बसते, मूळची एका लांबच्या तांड्यावरची. तमन्नाला गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, येत नाही, त्यामुळे तांड्यावर जाताना बबिता तिच्यासोबत असायची आणि मुलाखती मराठीत उतरवायची तीच. पाचवे स्वतः आडे सर. ते आपल्या ओळखीच्या तांड्यांवर एकटेच जात, वहीत हातानं लिहून आणत.

काउंटरवर एक गुलाबी निमंत्रणपत्रिका पडली होती. पळसखोरी तांड्याच्या शाळेचा नामकरण सोहळा, गुरुवारी सकाळी दहा वाजता. शाळेला नाव देणार होते कै. थावरा आडे यांचं.

“सरायचे वडील,” बबिता म्हणाली. “तांड्यात पह्यली शाळा त्यायनंच आणली, असं सर सांगते. सर दोन वर्षापासून या नावासाठी खेटे घालून राह्यले.”

गुरुवार. तमन्नानं पत्रिका दोनदा वाचली. ‘शुक्रवारी बसून तपासू, मग परत आणू.’ दोन मिनिटांचं काम सरांनी चार दिवस पुढं ढकललं होतं आणि मधोमध हा गुरुवार होता. पण पळसखोरीचं गेलेलं पान कुणाचं, ते तिला चांगलं आठवत होतं. रस्त्यालगतच्या पहिल्या घरातल्या सुखीबाईचं. गोड म्हातारी. ती गोरबोलीत तासभर बोलली आणि तमन्नाला त्यातलं फक्त ‘पाणी पी’ एवढंच कळलं. सुखीबाईला कोण कशाला घाबरेल?

“बबिता, तांड्यात गेलं का एक नंबर कोणाचा?”

“नायकाचा. याच्यात काय विचाराचं?” बबिता बियाण्याची पाकिटं लावता लावता म्हणाली. “पह्यले नायकाच्या घरी जाऊन बसाचं, मंग कारभाऱ्याकडे, मंग बाकी तांडा. नायकाले सोडून दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं त त्याचा अपमान होते. सर त बोलतेच, नायकाच्या आधी कोणाची वही उघडली त तांडा तोंड फिरवते.”

“पण पळसखोरीत आपण सुखीबाईकडे पह्यले बसलो होतो.”

“तो नायक पुसदले गेलता ना! म्या तुले म्हणलं होतं, थांबू. तुले बसची घाई होती. पंधरा दिवसानं आला तो, तवा त्याचं घेतलं.”

तमन्नाच्या हातातली पत्रिका खाली पडली. काल सकाळपासून ती गेलेल्या पानांमध्ये शोधत होती आणि चोराला नको असलेलं पान गेलेल्या पानांमध्ये नव्हतंच.

“नायकाचा नंबर किती आला?”

बबितानं बोटांवर घरं मोजली. “सतरा.”

५

पाच वाजता समिती बसली. टेबलावर तोच कागद, शेजारी पेन. आडे सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“सहीच्या आधी एक विनंती, सर,” तमन्ना उभी राहून म्हणाली. तिनं चौघांपुढं चार चिठ्ठ्या ठेवल्या. “पळसखोरी तांड्याचं एक नंबरचं पान कोणाचं होतं, ते लिवा. मथळ्यात नाव नसते, तवा आठवणीनं नाईतर अंदाजानं लिवा.”

“हा काय पोरखेळ?”

“पोरखेळच हाय. एका मिन्टाचा.”

मास्तराला परीक्षेचं वावडं नसतं. सरांनी लिहिलं. तमन्नानं चिठ्ठ्या उघडून मोठ्यानं वाचल्या. अय्याजनं ‘मले काय माहीत’ लिहिलं होतं. संघदीपनं ‘तांड्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस’. बबितानं ‘सुखीबाई’. आणि वळणदार अक्षरात, शाईच्या पेनानं, ‘रामधन नायक’.

“सर, बबिताचं बरोबर हाय. एक नंबर सुखीबाईचा होता.”

आडे सरांनी चष्मा काढला.

“आता आइका,” तमन्ना म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. “पुसणाऱ्यानं ‘*/१’ असा साचा देल्ला. रेघेसकट. तो साचा म्या फळ्यावर लिवला तवा अय्याजभाई मारेगावले होता. काल त्याले लिवाले लावलं, त रेघ नाई घातली. त्याच्या हातून पुसल्या गेलं असतं त अकरा, एकवीसही गेले असते. अय्याजभाई गेला. संघदीपभाऊ त सकाळीच पानं परत आणाले बसले होते. ते गेले. राह्यलो आपण तिघं. मी, बबिता आन् तुमी. तासाले पह्यल्या बाकावर वही घेऊन तुमीच बसले होते, सर. रेघ काहून पाह्यजे, हा प्रश्न तुमीच विचारला होता.”

“प्रश्न विचारणं गुन्हा नाही.”

“नाई. पण पानं शुक्रवारपर्यंत परत आणाची नाई, हे तुमीच ठरवलं. शुक्रवारच काहून? गुरुवारी पळसखोरीत तुमच्या वडिलायच्या नावाची पाटी लागते. त्याच्या आधी कोणी वाचू नये असं काईतरी पळसखोरीच्या पानात हाय, एवढं समजलं. पण गेलं कोणाचं? सुखीबाईचं. तिचं पान बबितानं उतरवलं, त्याच्यापलीकडे कोणी वाचलंच नोतं. मंग मी स्वतःले विचारलं, पुसणाऱ्याले काय वाटलं, कोणाचं गेलं? तांड्यात एक नंबर नायकाचा, हे ज्याच्या रक्तात हाय, त्याले उघडून पाहाची गरजच वाटत नाई. बबिताले माहीत होतं का तिथं नायक सतरा नंबरवर हाय. मले माहीत होतं. आमच्यापैकी कोणाले नायकाचं पान पुसाचं असतं, त सतरा पुसलं असतं.”

अय्याज खुर्चीत सरळ झाला.

“मी केलं असतं त चुकलं नसतं, सर,” तमन्ना म्हणाली. “माह्यावर आळ घेताना तुमी येवढंही नाई पाह्यलं.”

बबितानं न सांगताच कॉम्प्युटर उघडला. सतरावं पान शाबूत होतं. ती वाचू लागली. रामधन नायकानं सांगितलं होतं की तांड्यातली पहिली शाळा बिजलीबाईच्या बकऱ्यांच्या गोठ्यात भरली. बिजलीबाई विधवा होती, तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. दिग्रसहून एका तरुण मास्तराला ती रोज भाकरी देण्याच्या बोलीवर घेऊन आली होती. पोरं शाळेत बसली तर ऊसतोडीला हात कमी पडतात, म्हणून थावरा आडेनं त्या गोठ्याला दोनदा कुलूप घातलं. दोन्ही वेळा बिजलीबाईनं दगडानं ते तोडलं.

“पुरे,” आडे सर म्हणाले.

“पुरे नाई,” बबिता म्हणाली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली.

६

सरांनी चष्मा पुसला. बोलले तेव्हा त्यांची पुस्तकी मराठी गळून पडली होती.

“रामधन एका लग्नात भेटला होता. म्हणे, त्या पोरीले म्या बिजलीचं सगळं सांगतलं. तवापासून झोप नाई मले. माहा बाप वाईट मानूस नव्हता, अडाणी होता. त्याच्या नावानं एक पाटी लागन, येवढीच माही इच्छा. सगळी पानं शुक्रवारी परत आणणारच होतो मी.” त्यांनी टाइप केलेला कागद उचलला आणि उभा फाडला. “हे घे. संपलं. आपण पाच जणच हावो इथं. बाहेर कायले सांगाचं? तुझा वर्ग चालू राहीन, उलट मागची मोठी खोली देतो तुले.”

“जाऊ दे ना आता, तमन्ना,” संघदीप हळूच म्हणाला. “सरायनं फाडला ना कागद.”

काल सकाळपासून तमन्नाचा राग जणू नेमक्या याच वाक्याची वाट पाहत होता. जाऊ दे. चोरी सापडली की जाऊ दे, आणि आळ येतो तेव्हा कोणी जाऊ दे म्हणत नाही. “पोलिसांत जाणार होतं ते माहं नाव होतं, संघदीपभाऊ,” ती म्हणाली. “मोहल्ल्यात, तांड्यात, सगळीकडे काल दुपारपासून माहं नाव फिरून राह्यलं. चौदा पोरीयच्या माया विचारून राह्यल्या, वर्गात पाठवाचं का नाई. मोठी खोली नको मले. मी जाऊ देत नाई.”

“मंग काय पाह्यजे तुले?” सरांनी विचारलं. त्या प्रश्नात आता मुख्याध्यापक नव्हता.

“इथं बसा.” तिनं कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली. “तुमच्या नावानं लॉगिन करा. अडतीस पानं तुमीच परत आणा. साचा वापराचा नाई, स्टार नाई. एकेक पान. आणाच्या आधी त्याची पह्यली ओळ मोठ्यानं वाचाची. एक पान लपवाले तुमी सदतीस मानसं गर्दीसारखी ढकलून देल्ली. तुमाले माहीत पाह्यजे ते कोण होते.”

सर उठून निघून जातील असं सगळ्यांना वाटलं. ते उठले, पण खुर्चीतच येऊन बसले. दोन बोटांनी आपलं नाव टाइप केलं आणि वाचायला सुरुवात केली.

मारेगावची सरकी वेचणारी बाई. बाभुळगावचा बँडवाला, ज्यानं स्वतःच्या लग्नात स्वतःच ढोल वाजवला होता. जफर मिस्त्रींचं पळून केलेलं लग्न आलं तेव्हा अय्याजनं कपाळावर हात मारला, पण ‘राहू द्या’ म्हणाला. सर वाचत होते आणि संघदीप प्रत्येक पान परत आलं की यादीवर बरोबरची खूण करत होता. आधी आवाज कोरडा होता. पंचविसाव्या पानापर्यंत तो वर्गात धडा वाचणाऱ्या मास्तराचा झाला होता. सदतीस पानं झाली तेव्हा साडेसात वाजले होते.

शेवटचं पान पळसखोरीचं होतं. बबिता काहीतरी सांगायला पुढं झाली, मग थांबली. तिनं तमन्नाच्या कानात म्हटलं, “सुखीबाई सरायची सख्खी बहीण हाय. दिग्रसले घर बांधलं तवापासून दोघायचं बोलणं नाई.”

तमन्नाला हे ठाऊक नव्हतं. एक क्षण तिला वाटलं, पुरे करावं. तिनं तसं केलं नाही.

“वाचा, सर.”

“‘माहा भाऊ लहान होता,’” सरांनी वाचलं. ओळ संपली होती, थांबायला हरकत नव्हती, पण त्यांचे डोळे पुढं गेले आणि आवाजही मागून गेला. “‘बाप म्हणे, शाळेत पाठवाचं नाई. मी त्याले कडब्याच्या पेंढीआड लपवून बिजलीबाईच्या गोठ्यात नेत होती. बापाले समजलं तवा मी मधात पडली. मार मी खाल्ला. भावाच्या हातात पाटी होती, ती फुटली असती. आता तो मोठा मास्तर हाय म्हणते. तुमी दिग्रसचे हा ना? त्याले इचारा, बिजलीबाईची याद हाय का.’”

सरांनी बटण दाबलं. पान परत आलं. ते हलले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. तमन्नाला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ती मऊ पडली नाही. तिनं वाकून माउस हलवला आणि पानाच्या तळाशी असलेली चर्चेची रिकामी चौकट उघडून दिली.

“तिनं प्रश्न विचारला हाय, सर. खाली उत्तराले जागा असते. गुरुवारी सकाळी, पाटीच्या आधी, आमी हे पान तिले वाचून दाखवाले जाणार हावो. तो आपला नियमच हाय. तुमी जे लिवान ते पण वाचून दाखवू.”

प्रेमसिंग आडे यांनी चष्मा घातला. एक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागला, दुसरं सापडलं. चौकटीत उमटलं, ‘आहे.’ मग खाली, कुणी न सांगता, त्यांनी लिहिलं, ‘पाटीवर तिचं नाव लावतो.’

“आता काय दाबाचं?” त्यांनी मागं न पाहता विचारलं.

“सेव्ह,” तमन्ना म्हणाली. “तुमच्याच नावानं जाईन.”